सरळ केलेला पाय

घाटंजीच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामगारांची कबड्डीची टीम होती. कुणाला दुखापत झाली की दुखतं त्या एकट्याला, किस्से मात्र सगळ्यांचे होतात! माझ्या पायाचेही असेच साठले.

माझा उजवा पाय गुडघ्यातून वाकत चालला होता. डॉक्टरांनी हाड कापलं, प्लेट बसवली आणि पाय सरळ केला. आमचा कॅप्टन दिवाकर भेटायला आला. एक्स-रे खिडकीसमोर धरून म्हणाला, "अबे, माह्या सायकलीत बी इतके स्क्रू नाई!"

*

काठी सुटली त्या दिवशी अंगणात चालून दाखवलं. बायको बघत राहिली. "आधी चालीवरून दुरूनच समजे, तुम्ही येऊन राह्यले म्हणून. आता वळखू कशी?"

हसू आलं, पण जरा वाईटही वाटलं.

*

तेव्हा कापसाचं काही खरं नव्हतं. बोंडअळी, पडलेला भाव, जिनिंग अर्धा वेळ बंद. जागा जाईल या धास्तीने मी लवकरच कामावर गेलो.

माझं काम ग्रेडरचं. गाडीवर चढून कापसात खोल हात घालून माल बघायचा. मालकांनी दयेने खुर्ची दिली. मग गाड्या आणणारे लोक वरचा मूठभर कापूस आणून दाखवू लागले आणि मी सगळ्याला एक नंबर देत सुटलो! गाड्या रिकाम्या झाल्या तेव्हा खालून ओला माल निघाला.

मालक म्हणाले, "ऑपरेशन पायाचं झालं का डोयाचं?"

दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली. गाडीवर चढताना पाय थरथरला, पण फार बरं वाटलं.

*

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. सरावात मी रेड टाकली की समोरचे सगळे बाजूला व्हायचे. हात लावून आरामात परत यायचो.

दिवाकर टाळ्या वाजवायचा, "काय खेळून राह्यला बे!"

मला कुणी धरतच नव्हतं. याच्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं वाटायचं. एकदा घरी येऊन रडलोसुद्धा.

*

मग बोरी अरबला मॅच झाली. त्यांच्या कोपऱ्यावर देवानंद नावाचा दांडगा गडी होता. त्याला माझं काहीच माहीत नव्हतं. मी आत शिरलो आणि त्याने माझा उजवा पाय धरून मला धाडकन पाडलं!

दिवाकर ओरडत धावला, "अबे सोड! ऑपरेशन झालं हाय त्याच्या पायाचं!"

देवानंद पांढराफटक पडला. "भाऊ, मले ठाऊक नवतं. कोन्त्या पायाचं?"

धूळ झटकत मी उठलो.

"डाव्या," मी म्हणालो. "तू उजवा धरला. मी औट."