अर्धी बाटली

नीला ओगले यांचा कुणावरच विश्वास नव्हता. दुकानातून आणलेलं सीलबंद दूध त्या आधी हुंगत, टपालानं आलेलं पाकीट फोडण्यापूर्वी उजेडासमोर धरत, आणि नवरा चंद्रशेखर ऑफिसातून फोन करून 'उशीर होईल' म्हणाले की त्यांच्या तोंडून आपसूक निघे, "कशावरून?" पंचवीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाला चंद्रशेखरना एकदाही धड उत्तर देता आलं नव्हतं.

अमेरिकेत एडिसनला आल्यावर दहा वर्षं त्यांनी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भाज्या उकडल्या. मग हट्टानं, चौऱ्याऐंशी साली, स्वतःचं छोटं रेस्टॉरंट काढलं. सहा टेबलं, भरली वांगी, मसालेभात, थालीपीठ. दारूचं लायसन मिळण्यातलं नव्हतंच. गिऱ्हाइकं आपापली वाइनची बाटली घेऊन येत, त्या फक्त ग्लास देत. तेवढंही त्यांच्या जिवावर येई.

त्याला कारण होतं. नीला आठ वर्षांची असताना पुण्यात दारूबंदी कडक होती. आईच्या बाळंतपणासाठी म्हणून वडिलांनी कुणाकडून तरी ब्रँडीची अर्धी बाटली आणली आणि पोलिसांनी त्यांना स्टेशनवर पकडलं. परमिट नव्हतं. शाळेतली नोकरी आठ महिने गेली, आणि वाड्यातल्या बायकांनी आईशी बोलणं टाकलं. वडील पुढे मरेपर्यंत सांगत, की भरलेली बाटली असती तर दुसऱ्याची आहे म्हणता आलं असतं. अर्ध्या बाटलीनं घात केला.

म्हणून नीलाबाईंच्या रेस्टॉरंटमधून अर्धी बाटली बाहेर जात नसे. गिऱ्हाइकानं उरलेली वाइन घरी नेतो म्हटलं की त्या गोड हसत, बाटली आत नेत आणि मोरीत रिकामी करत. चंद्रशेखर एकदा म्हणाले, "अगं, लॉ काय आहे ते तरी विचार कुणाला." पण ॲन आर्बरचा दीर एक सांगत होता, पार्सिपनीची मैत्रीण दुसरंच. प्रत्येक राज्याचं, प्रत्येक गावाचं वेगळं, म्हणे. नीलाबाईंनी त्यातून एवढाच अर्थ काढला की सगळ्यांना आपल्याला अडकवायचंय.

अशात सत्त्याऐंशीच्या वसंतात मिस्टर कोवाल्स्की येऊ लागले. सत्तरीचा उंच माणूस, दर मंगळवारी दुपारी, एकटा. बरोबर लाल वाइनची बाटली. एकच ग्लास प्यायचे, प्रत्येक पदार्थ आधी हुंगायचे आणि खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहायचे. जाताना न चुकता विचारायचे, की उरलेली घरी नेऊ का?

नीलाबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. इन्स्पेक्टर. एकटा येतो, वहीत लिहितो, आणि नेमका तोच प्रश्न विचारतो. हो म्हटलं की दाराबाहेर कार्ड दाखवणार, आणि सहा टेबलं, वृद्धाश्रमातल्या दहा वर्षांचा घाम, सगळं एका दुपारी बंद. त्या नाही म्हणत. पुढे पुढे तर त्या त्यांच्या डोळ्यांदेखत बाटली ओतू लागल्या. बघ म्हणावं, लिहून घे. ते बघत राहत, काहीतरी बोलावं असं तोंड करत आणि टोपी घालून निघून जात.

अकराव्या मंगळवारी मात्र ते उठून मोरीपर्यंत आले.

"बायकोसाठी असते ती," ते म्हणाले. "अर्धी माझी, अर्धी डॉटची. तिला इथल्या पायऱ्या चढता येत नाहीत."

नीलाबाईंच्या मनात आलं, कशावरून? आणि त्यांनी बाटली उलटी केली. कोवाल्स्की टोपी घालून निघून गेले. वही टेबलावरच राहिली.

पुढचा मंगळवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. वहीला हात लावायचा नाही असं ठरवून नीलाबाईंनी ती तिसऱ्या दिवशी उघडली होती, पुरावा सापडेल म्हणून. आत लिहिलं होतं: 'वांगी. तीळ की शेंगदाणे? डॉटला आवडतील.' 'पिवळी आमटी, गोडसर, तिच्या आईच्या सूपसारखी.' आणि शेवटचं सोडून दर पानाच्या तळाशी एकच ओळ, 'वाइन ओतून टाकली.' दहा वेळा. पहिल्या पानावर घरचा पत्ता.

शेवटी नीलाबाई नगरपालिकेच्या ऑफिसात गेल्या आणि खिडकीतल्या बाईला पहिल्यांदाच सरळ प्रश्न विचारला. ती बाई म्हणाली, की गिऱ्हाइकाची बाटली गिऱ्हाइकाची. बूच घट्ट लावून द्या आणि हाताशी न ठेवता गाडीच्या डिकीत ठेवायला सांगा. आमच्याकडे तरी यात तुमचं काही जात नाही. नीलाबाईंनी हे तिच्याकडून कागदावर लिहून, सही करून घेतलं. त्याशिवाय त्यांचा पाय निघाला नसता.

मग आयुष्यात प्रथमच त्या दारूच्या दुकानात शिरल्या. ओळखीचं कुणी बघत नाही ना, हे दोनदा पाहून त्यांनी तीच लाल वाइन घेतली, डिकीत ठेवली आणि डबाभर वांगी घेऊन पत्त्यावर पोचल्या.

दार उघडलं ते वॉकर धरलेल्या एका बारीक बाईनं. नीलाबाईंनी वही पुढे केली आणि घडाघडा सगळं सांगितलं. मीच ती, मीच दर मंगळवारी ओतत होते, तुमच्या नवऱ्याचा काही दोष नाही.

डॉटनं वही घेतली नाही. डॉक्टरांनी त्याला एकच ग्लास सांगितलाय, ती म्हणाली. दर आठवड्याला बाटली घेऊन जायचा, रिकाम्या हातानं यायचा, आणि म्हणायचा, की त्या इंडियन बाईनं ओतून टाकली. असं कोण करतं? सगळी तोच पीत असणार, म्हणून तिनं गाडीच्या किल्ल्याच काढून घेतल्या होत्या.

"पण ते खरं बोलत होते," नीलाबाई म्हणाल्या. "वहीत बघा, लिहिलंय."

"त्याच्याच हातानं लिहिलंय."

नीलाबाईंनी नगरपालिकेचा कागद काढला, डबा दाखवला, बाटली दाखवली. आजवर कुणी आपलं खरं मानावं म्हणून त्यांना इतकं धडपडावं लागलं नव्हतं. डॉटनं बाटलीचं सील उजेडाकडे धरून पाहिलं, डबा हुंगला आणि मग नीलाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्यानंच तुला पाठवलं नसेल कशावरून?" ती म्हणाली.

नीलाबाईंनी वही पुन्हा पुढे केली. आतून कोवाल्स्कींचा आवाज आला, दारात कोण आहे म्हणून.