कंपनी बुडाली आणि साडूभाऊ फुलले

वाईट बातमीनं आमच्या साडूभाऊंइतका फुलणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल! चिकलठाण्याच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे कुठलीही वस्तू मोडल्यावर काय होईल हेच ते आधी बघतात. लग्नात पंगतीला बसण्यापूर्वी मांडवाचा खांब हलवून पाहतात. आमचा नवा फ्रिज पाहून, "लाइट गेली तर बर्फ किती तास टिकतो?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मला सांगता येईना म्हणून दुपारभर प्लग काढून ठेवला. त्या संशोधनात आमचं आइस्क्रीम गेलं.

एके सकाळी टीव्हीवर बातमी आली. ज्या म्युच्युअल फंड कंपनीत साडूभाऊंनी स्वतःचे आणि त्यांच्या विधवा बहिणीचे पैसे गुंतवले होते, ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली! दुपारच्या आत बहीण पिशोरहून एसटीनं हजर. लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेली सगळी पुंजी त्यातच. "दादा, गेलं का रं समदं?" म्हणत ती दारातच बसली.

साडूभाऊ उसळून उठले. "जातंय कसं? सिल्लोडच्या गोदामात आपली मका ठिवली अन् दलालाचं दुकान बुडालं, तर मका त्याची व्हती का? कंपनी निस्ती दलाल! पैसा ट्रस्टचा, शेअर तिसऱ्याच संस्थेकडं सांभाळायला. कंपनीच्या घेणेकऱ्यांना त्याला हात लावता येत नाय! भाव खालीवर व्हईल, ती गोष्ट अलग." हेच त्यांनी मग मला, दूधवाल्याला आणि राँग नंबर लागलेल्या एका बाईलाही समजावलं. त्या बाईनं अर्धा तास ऐकून घेतलं!

काही आठवड्यांनी पत्र आलं. दुसऱ्या कंपनीनं योजना चालवायला घेतली होती, बहिणीची युनिटं जशीच्या तशी! भाव जरासा उतरला होता, तरी साडूभाऊंनी गल्लीभर पेढे वाटले.

परवा ओळखीचा प्लॉटवाला एजंट भेटला. "तुमच्या साडूंनी प्लॉट विकायचा रद्द केला का? कंपनी बुडाल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी घाईनं किंमत विचारून गेले."

मी साडूभाऊंना विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"कायदा मला पाठ हाये हो. पण पोरीच्या फीची तारीख कायद्याला थोडीच ठाऊक असती? घरात बोलू नका."

आणि चहा न घेताच ते उठले.

माझी बहीण जालन्याला असते. त्या दिवशी मी तिला उगाच फोन केला.