बनाबाईच्या बांधावरचे पावणे

गडमुडशिंगीत नुसतं बनाबाई म्हणून विचारलं तर घर सापडायचं नाही. ‘भय्यांच्या खोल्यावाली बनाबाई’ म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा बोट दाखवतं. हे नाव तिला आवडत नाही. घरामागं तिनं पत्र्याच्या आठ खोल्या बांधल्यात, आणि त्यांत गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीकामाला जाणारी माणसं राहतात. कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा, दोघं झारखंडचे, एका खोलीत विजापूरकडचं जोडपं. गाव सगळ्यांना भय्या म्हणतं आणि मोकळं होतं. त्या कानडी बाईलाही कुणीतरी ‘भय्याची बायको’ म्हणालं, तेव्हा बनाबाईनं त्याला भर रस्त्यात असं झापलं की तो आठवडाभर त्या बोळातून गेला नाही.

या रागाला जुनं कारण होतं. तिचा नवरा पिराजी चंदगडचा. तरुणपणी कामासाठी आला, आणि बनाबाई आईबापाची एकुलती म्हणून लग्नानंतर इथंच राहिला. चंदगड काही परमुलूख नव्हे, याच जिल्ह्यातला तालुका. पिराजीनं तीस वर्षं इथल्या रानात ऊस लावला, तालमीच्या गणपतीपुढं नाचला, गावातल्या कितीक तिरड्यांना खांदा दिला. तरी पारावर गेला की शेजारचे हंबीरराव सरकून जागा करत म्हणायचे, “या पावणं, बसा.”

आता आमच्याकडं पावणं हा प्रेमाचा शब्द, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही आम्ही पावणंच म्हणतो. पण तीस वर्षं? पिराजी हसून बसायचा. बनाबाईला मात्र ते हसणं सोसायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तो गेला. इकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून मोकळं होतात. त्यात आज-उद्या नसतं. बनाबाईनं रक्षा नदीत सोडू दिली नाही. आपल्याच बांधावर खड्डा काढून अस्थींसकट पुरली आणि वर नारळ लावला. असं आता बरेच जण करतात. पण तिच्या मनात दुसरंच होतं. याच मातीत मिसळल्यावर तरी गाव त्याला आपला म्हणेल, असं तिला वाटलं.

त्याच दुपारी चंदगडहून पिराजीची आई, बाळाबाई, पोचली. तिकडं पाऊस झोडपत होता, रस्ता बंद होता, म्हातारीला दोन दिवस गाडीच मिळाली नव्हती. तिनं एवढंच मागितलं, “मूठभर तरी दे गं. त्याच्या बापाशेजारी ठेवतो.”

“आता त्यो हितला हाय, आत्या,” बनाबाई म्हणाली. “उकरायचा न्हाय.”

म्हातारी रडली नाही, भांडली नाही. आल्या पावली एसटीला बसली. त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं.

गेल्या भाद्रपदात झारखंडच्या दोघांपैकी बुधवा तापानं फणफणला. उरांव समाजातला सत्तावीस वर्षांचा गडी, बुधवारी जन्मला म्हणून बुधवा. अबोल. येता-जाता बनाबाईच्या म्हशीला चार पेंढ्या वैरण टाकायचा आणि तिच्या हातचा मिरचीचा खर्डा डोळ्यांतून पाणी काढत खायचा. दवाखान्यात नेला, तिसऱ्या दिवशी तो गेलाच. सोबत्यानं गावी फोन लावला. पलीकडं बुधवाचा बाप मंगरा म्हणाला, “जला दो. हम आ रहे हैं।”

प्रेत कुठं ठेवायचं, कोण येणार खांद्याला, असा घोळ सुरू झाला. हंबीरराव म्हणाले, “बाहेरची माणसं. त्यांचं ती बघून घेतील की.”

“कोण बाहेरचं?” बनाबाई कडाडली. “माझ्या दारातनं गेलाय त्यो. माझ्या घरचा हाय.”

वर्षभर थापून रचलेल्या आपल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, तिनं चितेसाठी स्वतः काढून दिल्या. सोबत्यानं अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं भात, वरण आणि खर्ड्याचा गोळा पानावर ठेवला. कावळा लगेच शिवला. मन कशात अडकलं नव्हतं बिचाऱ्याचं, असं सगळे म्हणाले. मग सगळी रक्षा, हाडांसकट, तिनं बांधावर नेली आणि पिराजीच्या नारळाच्या बुडाशी पुरली. दोघांनाही सोबत होईल, असं तिनं मनाशी धरलं. परक्याच्या लेकराचं आपण काही राहू दिलं नाही, या समाधानात तिनं अंघोळ केली.

मंगरा पाचव्या दिवशी पोचला. तीन गाड्या बदलून, मिरजेवरून. खांद्याला पिशवी आणि छातीशी गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी. अंगणात बसून त्यानं गमछा सोडला. आत नवंकोरं, झाकणाचं मडकं होतं. एवढ्या गर्दीतून त्यानं ते मांडीवर धरून आणलं होतं.

“हड्डी?” त्यानं विचारलं.

बनाबाईला आधी समजेना. मग बुधवाच्या सोबत्यानं खाली मान घालून सांगितलं. यांच्या गावी ओढ्याकाठी कुळाची एक जागा असते. दगडाखाली. बाप, आजा, पणजा, सगळ्यांची हाडं तिथं जातात. तिथं पोचेपर्यंत मेलेला माणूस आपल्या माणसांत बसत नाही, बाहेरच राहतो.

“मग आधी का न्हाय बोललास?” बनाबाई त्याच्यावर ओरडली.

“मौसी, तुम लोग सब इतना अच्छा से कर रहे थे,” तो म्हणाला. “मला वाटला, हड्डी अलग ठेवला असेल.”

हाडं कुणी वेगळी काढून ठेवतं हे बनाबाईच्या गावी नव्हतं, आणि कुणी ठेवत नाही हे मंगराच्या गावी नव्हतं. म्हणून फोनवर कुणीच काही बोललं नव्हतं. आपण या पोराचं चांगलं केलं नाही, त्याला वेशीबाहेर उभं केलंय, हे तिला कळलं. आणि त्याच क्षणी, रिकाम्या हातांनी एसटीत चढणारी बाळाबाईची पाठ तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं ती अकरा वर्षं आठवू दिली नव्हती.

“चला,” ती म्हणाली. घरातली पिठाची चाळण तिनं उचलली, खुरपं घेतलं.

बांधावर दोघं बसले. ती माती उकरायची, मंगरा चाळायचा. राख खाली पडायची, वर खडे आणि हाडाचे तुकडे राहायचे. तो एकेक बोटांनी पुसायचा, कपाळाला लावायचा आणि मडक्यात ठेवायचा. तुकडे पांढरे होते. खुरपं खोल गेलं, नारळाच्या मुळांशी, तेव्हा चाळणीत वेगळे तुकडे आले, मातकट, झिजलेले. बनाबाईचा हात थांबला.

मंगरानं ते निरखले. मडक्यात टाकले नाहीत. “ये मेरा नहीं है,” म्हणाला आणि गमछ्याच्या कोपऱ्यावर वेगळे ठेवत गेला, तसेच पुसून, तसेच कपाळाला लावून. “किसका है, दीदी?”

“आमच्या मालकांचं.”

“गाँव इधर ही?”

“न्हाय. लांब. चंदगडला.”

“घर में कोई है?”

“आई हाय त्यांची.”

मंगरानं चाळण खाली ठेवली. “तो फिर ये इधर काहे को है?”

इतक्या वर्षांत गावानं तिला हे विचारलं नव्हतं. ती मातीतच बसून हुंदके देत रडली. पिराजी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मंगरानं ते सहा-सात तुकडे तिच्या ओंजळीत ठेवले आणि तिची बोटं मिटवली.

दुसऱ्या दिवशी तो मडकं छातीशी धरून निघाला. स्टेशनला सोडायला आठही खोल्यांची माणसं गेली. बनाबाई तिथूनच परस्पर स्टँडवर गेली. गडहिंग्लजला गाडी बदलून चंदगडला उतरली तेव्हा बारीक पाऊस होता. पदराच्या गाठीत धुतल्या फडक्याची पुरचुंडी होती.

बाळाबाई दाराशीच बसली होती. नव्वदीला टेकलेली, डोळे गेलेले. “कोण गं?”

“मी बनी, आत्या.” उंबऱ्याबाहेर, पावसात ती तशीच उभी राहिली. “मी चुकलो. त्यास्नी घेऊन आलोय.”

म्हातारीनं हात पुढं केला. पुरचुंडी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली. मग घराकडं तोंड करून थोरल्या लेकाला, पिराजीच्या भावाला, हाक मारली आणि बनाबाईवर खेकसली, “मग असा दारात का उभा केलायस त्याला? घरचा हाय त्यो. आत आण.”