इथून पुढे एक तास

“एक तास लागेल,” असं ती म्हणायची. म्हणण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघायची, मग समोरच्याच्या सुजलेल्या गालाकडे बघायची आणि मान थोडी तिरकी करून, अगदी मनापासून वाईट वाटल्यासारखं म्हणायची. माणूस हताश होऊन बाकावर टेकायचा. अर्ध्या तासातच त्याचा नंबर लागायचा आणि तो लॉटरी लागल्यासारखा उठून आत यायचा. दाढ काढून घ्यायला माणसं हसत हसत येतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच घाबरले होते.

मी दातांची डॉक्टर. बोरिवली पश्चिमेला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वर माझा दवाखाना आहे. ती संध्याकाळी माझ्याकडे रिसेप्शनवर बसायची आणि सकाळी अंधेरीला कॉलेजात जायची. नोकरी मागायला आली तेव्हा मी विचारलं, “काय शिकतेस गं?”

“रिसॉर्ट आणि थीम पार्क मॅनेजमेंट, मॅडम. डिग्री आहे.”

मला वाटलं, पोरगी माझी फिरकी घेते आहे. आकाशपाळणा फिरवायला डिग्री लागते हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नसेल सांगितलं. कॉलेज कुठे, तर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली नटबोल्टचा कारखाना. अख्ख्या इमारतीत वरखाली होणारी एकच गोष्ट होती, लिफ्ट, आणि तीही बहुतेक दिवस बंद असायची.

घर तिचं गोराई गावात. दुपारी कॉलेजातून घरी जेवायला जायची आणि पुन्हा खाडी ओलांडून बोटीने यायची. दर दोन दिवसांनी फोन, “मॅडम, पाणी उतरलंय, बोट अडकली. एक तास तरी उशीर होईल.” मी चरफडत पेशंटांची नावं स्वतः लिहायला घ्यायचे, तोच अर्ध्या तासात ही दारात हजर. मला इतकं हायसं वाटायचं की ओरडायचं राहून जायचं, उलट मीच खालून तिच्यासाठी चहा मागवायचे. आपल्याला गंडवलं जातंय हे कळायला मला बरेच महिने लागले.

“दुप्पट सांगायचं, मॅडम,” तिने मग शांतपणे कबूल केलं. “पार्कात रांगेत पाटी असते ना, इथून पुढे एक तास? माणूस अर्ध्याच तासात पोचतो. मग तो खूश. खरं सांगितलं आणि पाच मिनिटं जरी वर गेली ना, तर भांडायला येतो.”

“अगं, पण हे खोटं झालं.”

“खोटं नाही, मॅडम. सिलॅबसमध्ये आहे.”

तिसऱ्या वर्षी तिची वाट लागली. शेवटचा प्रोजेक्ट एखाद्या खऱ्याखुऱ्या जागी करायचा होता, जिथे लोक येतात, रांगा लागतात, कंटाळतात. तिने सगळ्या पार्कांना विचारलं. कुणी दारातही उभं केलं नाही. प्रोजेक्ट नाही तर डिग्री नाही, आणि डिग्री नाही तर घरी बसणं आलं. तिच्या वडिलांच्या दोन खोल्या होत्या, शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या. “रिसॉर्ट घरातच आहे. शिकायला अंधेरीला कशाला जायचं?” असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. नापास झालीस तर चादरी धुवायला ये, एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्या आठवड्यात ती पेशंटांना एक तासाऐवजी दोन तास सांगत होती, एवढं तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आणि एका संध्याकाळी बाकावर ताटकळलेली माणसं बघता बघता तिचा चेहरा बदलला.

“मॅडम, लोक येतात. रांग लागते. कंटाळतात. घाबरतात पण. आपलं पार्कच आहे हे!”

मी हो म्हटलं. काय होणार आहे याची कल्पना असती तर दहादा विचार केला असता.

दुसऱ्या दिवसापासून पेशंट हा शब्द बंद. “गेस्ट म्हणायचं, मॅडम.” जिन्यात पाटी लागली, ‘इथून पुढे एक तास’. दाराच्या चौकटीवर एक जिराफ चिकटला आणि त्याच्या गुडघ्यापेक्षा बुटक्या मुलांनी खुर्चीत आईबरोबर बसावं असा नियम झाला. रूट कॅनाल झाला ‘मेन राईड’. बाकावरच्या लोकांना ती कोडी घालायची, कुणाच्या तोंडात किती दाढा उरल्यात यावर पैजा लावायला लावायची. बाहेर पडायची वाट ब्रश आणि पेस्टच्या फळीवरूनच जायची. “एक्झिटला दुकान लागतंच, मॅडम.” आणि कळस म्हणजे फोटो. राईडवर माणसाच्या तोंडचं पाणी पळतं तेव्हाचा फोटो काढून नंतर त्याला देतात म्हणे. तसा ती, आधी विचारून, माझ्या खुर्चीतल्या माणसाचा फोटो काढायची, आ वासलेला, डोळे बाहेर आलेले, हात खुर्चीला घट्ट. मला वाटलं, आता कुणीतरी मारायला येणार. पण समोरच्या सोसायटीतल्या आजोबांनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पुढच्या आठवड्यात काही दुखत नसताना आजींना घेऊन आले. का, तर त्यांचाही फोटो हवा होता.

परीक्षक शनिवारी येणार होते. असे लोक आधी साध्या गिऱ्हाइकासारखे येऊन बघतात, हे तिला माहीत होतं. सकाळपासून तिने कोट घातला होता आणि बोटांची नखं खाऊन संपवली होती. संध्याकाळी एक टायवाले गृहस्थ बॅग घेऊन आले. हेच परीक्षक, असं तिने ओळखलं. जिराफ दाखवला, पाटी समजावली, चहा पाजला, फळीवरचा ब्रश भेट दिला. गृहस्थ भारावून सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी बॅग उघडली आणि विचारलं, “आपल्याकडे पाण्याचा फिल्टर कुठल्या कंपनीचा आहे?”

तोवर खरे परीक्षक माझ्या खुर्चीत पोचले होते. मला काय माहीत! बुशशर्टातला एक गोल माणूस आत आला, मी म्हटलं, “उघडा.” त्याने उघडलं. उजवीकडची खालची दाढ पार कामातून गेली होती. “दुखते?” मान हलली. “आज काढून टाकू?” त्याने दाराकडे बघितलं. बाहेर कुणीतरी पैज हरलं होतं आणि हशा पिकला होता. त्याने डोळे मिटले आणि पुन्हा मान हलवली. मी भूल दिली, दाढ काढली, कापसाचा बोळा ठेवला. तेवढ्यात रडवेली होऊन ती आत आली आणि सवयीने विचारलं, “फोटो काढू, सर?” त्यांनी हातानेच होकार दिला. फोटो निघाला. मग त्यांनी माझं पेन घेतलं आणि औषधाच्या कागदावर लिहिलं, ‘मी परीक्षक आहे.’

तिच्या हातातून मोबाईल पडला. माझ्या हातातून चिमटा.

“बोळा घट्ट दाबून धरा,” मी म्हटलं. “एक तास काढायचा नाही.” त्या अवस्थेतही तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं.

अर्ध्या तासाने मी बोळा काढला तेव्हा परीक्षक खूश होते, हे सांगायला नकोच. मग सुजल्या तोंडाने ते म्हणाले, “बरीच वर्षं दातांच्या डॉक्टरकडे जातोय. प्रत्येक वेळी जिन्यातून परत फिरतो. आज नुसतं बघायला आलो होतो. खुर्चीत कधी बसलो, मलाच कळलं नाही.” वर्गात तिला सर्वांत जास्त मार्क मिळाले. वडिलांनी पेढे आणले आणि चादरींचा विषय पुन्हा काढला नाही.

मग तिला आखातातल्या एका मोठ्या पार्कात नोकरी लागली. रांगांच्याच खात्यात. निरोप घ्यायला आली तेव्हा मी हातमोजे उगाच काढत-घालत होते. इतक्या वर्षांत माझ्याकडे कितीजणी आल्या आणि गेल्या, पण ही जाऊ नये असं मला वाटत होतं.

“परत कधी येशील?” मी विचारलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे. मान तिरकी केली. “सहा वर्षं तरी लागतील, मॅडम.”

मला एकदम हायसं वाटलं. सहा म्हणजे तीन! मी खालून तिच्यासाठी चहा मागवला.

तीन वर्षं या मे महिन्यात झाली. तिचे वडील कवळी घट्ट करून घ्यायला आले होते. मी विचारलं, “काय म्हणते? येते ना?” त्यांनी मोबाईल पुढे केला. लिहिलं होतं, ‘इकडे मोठं काम दिलंय. अजून दोन वर्षं लागतील, पप्पा.’

मी तो मेसेज पुन्हा एकदा वाचला.

“दोन म्हणाली,” ते म्हणाले.

“म्हणजे एक,” मी म्हटलं.

“हां. म्हणजे एकच,” असं म्हणून त्यांनी कवळी तोंडात बसवली आणि बोट गाठायला निघून गेले.

जिन्यातली पाटी मी काढलेली नाही. नव्या मुलीच्या कारभारात खरंच एक तास लागतो, कधी जास्तही, आणि लोक भांडायला येतात. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी दिवे मालवले आणि घरी जायच्याऐवजी जिन्यात, त्या पाटीखालच्या पायरीवर जाऊन बसले. खाली फरसाणवाल्याने शटर अर्धं ओढलं आणि वर बघून विचारलं, “मॅडम, कुणाची वाट बघताय का?”

“हो,” मी म्हटलं. “अर्धीच राहिलीये.”