पंख्याचं तोंड कुणाकडे

वालीवला आमचं पिशव्यांचं छोटं युनिट आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं. तयार कपडे ज्यात घालून विकतात त्या पारदर्शक पिशव्या आम्ही कापून, सील करून देतो. एरवी हे काम गुणी आहे. पण थंडी पडून हवा कोरडी झाली, की प्लास्टिक अंगात आल्यासारखं वागतं. पिशव्या एकमेकींना चिकटतात, हाताला चिकटतात, आणि माणसाने माणसाला हात लावला तर चटकन करंट बसतो. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली आहे. कुणाच्या हातात काही द्यायचं तर आधी भिंतीवरच्या अर्थिंगच्या पट्टीला हात लावायचा. चहा देतानासुद्धा आधी पट्टी, मग कप.

गेल्या थंडीत जाऊबाई माझा कप हातात देईनाशा झाल्या. टेबलावर ठेवायच्या आणि वळायच्या. भांडणाला कारण काय, तर मी म्हणे मशीनवर प्लास्टिकचा रोल वाकडा लावते, आणि मी म्हणायची तुमचं पॅकिंग रेंगाळतं. शब्दाने शब्द वाढत गेला. एक दिवस त्या म्हणाल्या, "होळी झाली की आपन वेगळं होऊ. मना रोजची कटकट नको."

मीही ताठ मानेने "बरं" म्हटलं आणि घरी येऊन रडले. लग्न होऊन आले तेव्हापासून मला या घरात हक्काचं माणूस म्हणजे त्याच. मशीन मी एकटीने चालवलं असतं, पण त्यांच्याशिवाय तिथे बसवलं असतं का मला?

त्याच सुमारास मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाने एक आयनचा पंखा आणून बसवला. त्याच्या वाऱ्यातून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले बारीक कण येतात, त्याने पिशव्यांमधली वीज मरते आणि त्या सुट्या होतात. मला चौकशा फार, म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले. समुद्राजवळच्या, धबधब्याजवळच्या हवेत काही आयन जास्त असतात आणि त्यांनी मन प्रसन्न होतं, असं काहींचं म्हणणं. कोरड्या वाऱ्यात माणसं चिडचिडी होतात, असंही. यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही हेही तिथेच लिहिलं होतं. तो भाग मी भरभर वाचला. म्हणजे जाऊबाईंचा दोष नव्हताच, दोष हवेचा होता! मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गेले की मी गुपचूप पंख्याचं तोंड त्यांच्या पॅकिंगच्या टेबलाकडे वळवायला लागले. आणि खरंच, त्या निवळत गेल्या. एकदा तर काम करता करता गुणगुणल्या. फक्त दुपारनंतर पंखा माझ्या खुर्चीकडे वळलेला दिसायचा. मशीनच्या हादऱ्याने फिरत असेल, असं मी धरून चालले. पिशव्या मात्र पूर्वीसारख्याच चिकटत होत्या, कारण त्या जिथून कापून निघतात त्या मशीनकडे वारा जातच नव्हता.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत चष्मा विसरले म्हणून मी मधूनच परत आले, तर जाऊबाई पदर खोचून पंखा माझ्या खुर्चीकडे वळवत होत्या.

"जाऊबाई, हे काय?"

त्या दचकल्या. मग चिडूनच म्हणाल्या, "मशीनवाला बोलला, या वाऱ्याने डोकं शांत होते. तू हल्ली किती तापतेस! म्हटलं, होळीच्या आत सुधारलीस तर वेगळं तरी व्हायला नको."

"आणि रोज सकाळी तो तुमच्याकडे कोण वळवतं?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले.

आमचा राग आयनांनी घालवला की आणखी कशाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पंखा आता मशीनकडे तोंड करून असतो आणि पिशव्या शहाण्यासारख्या सुट्या होतात. होळी आली आणि गेली, वेगळं होण्याचा विषय कुणी काढला नाही.

पंख्याचं गुपित फुटलं त्या दुपारी चहा आला तेव्हा जाऊबाई उठल्या, त्यांनी पट्टीला हात लावला आणि कप माझ्यापुढे धरला. आनंदाच्या भरात पट्टीला हात लावायचं मीच विसरले. बोटाला बोट लागलं आणि करंट दोघींनाही बसला. पण कप कुणीच सोडला नाही.