इन्सिडेंट म्हणजे काय

त्या माणसाचा मला अजून राग येतो आणि तो राग जावा अशी माझी इच्छाही नाही.

कारेगावात एका खोलीत मी आणि माझी मैत्रीण राहायचो. मी तळेगाव ढमढेऱ्याची, ती दौंडकडची. दोघी एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या प्रेस मशीनवर. तिथले सेफ्टीचे साहेब शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. ज्यांना लाईन लीडर व्हायचंय त्यांनी बसायचं, असा नियम. मला व्हायचं होतं, म्हणून मी बसले. मैत्रिणीला मीच ओढून नेलं.

साहेबांना सारखे वाटणारे शब्द वेगळे करून दाखवायची भारी हौस. हिअर वेगळं, लिसन वेगळं. लुक, सी आणि वॉच ही तर तीन भावंडं. आपण एका 'बघ'वर सगळा संसार उरकतो. जखम शस्त्रानं झाली तर वुंड, अपघातात झाली तर इंजुरी. मी हे सगळं घोकायचे आणि भाजी चिरता चिरता मैत्रिणीला विचारायचे. ती वैतागायची. "लागलं म्हंजी लागलं. त्याला कितीक शब्द पायजेत ह्यांना?"

साहेबांचा सगळ्यात लाडका धडा अ‍ॅक्सिडेंट आणि इन्सिडेंटचा. तेल सांडलं, ट्रॉली घसरली, पण कोणाला लागलं नाही, तर तो इन्सिडेंट. माणसाला लागलं की अ‍ॅक्सिडेंट. त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून दिलं होतं आणि आमच्याकडून म्हणवून घेतलं होतं.

कंपनीच्या गेटजवळ एक बोर्ड होता. अपघाताविना किती दिवस गेले ते त्यावर लिहीत. रोज सकाळी आकडा एकानं वाढायचा आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की प्रत्येकीला मिक्सर मिळणार होता. काही बायकांनी घरी ओट्यावर त्याची जागासुद्धा रिकामी करून ठेवली होती.

आकडा जवळ आला आणि मैत्रिणीची दोन बोटं प्रेसमध्ये सापडली. वरची पेरं गेली. लाईनवरची एक बाई तिच्या हाताला ओढणी गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "घरी इळीवर कापलं म्हन बाई. न्हाईतर समद्यांचा मिक्सर जाईल." रोज आमच्या डब्यातली चटणी खाणारी बाई ही. माझं डोकंच फिरलं. पण मैत्रिणीनं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बोर्डावरचा आकडा एकानं वाढलेला. वर्गात मी हात वर केला. "सर, काल माणसाला लागलं. मग अ‍ॅक्सिडेंट ना?"

"इन्सिडेंट," साहेब फळा पुसत म्हणाले. "मायनर इन्सिडेंट. तुला अजून बारकावे कळायचे आहेत."

बारकावे म्हणे! ज्या माणसानं आम्हाला मान मोडेस्तोवर हा फरक पाठ करायला लावला, तोच आता तो डस्टरनं पुसत होता. वर्गातल्या सगळ्या वहीत डोकं घालून बसल्या होत्या.

पुढं चार-पाच दिवसांनी तिचे वडील आल्याचं कळलं, तेव्हा साहेबांनी मला गाडीत घालून शिरूरला, तिला ठेवलं होतं त्या दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाले, "तू तिच्या खोलीवरची. तुझं ते ऐकतील. नीट समजावून सांग, लाईन लीडर तूच होशील."

तिचे वडील, आप्पा, वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. साहेब वाकून म्हणाले, "आप्पा, किरकोळ इन्सिडेंट आहे. कंपनीचा यात काही विषय येत नाही."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. मला म्हणाले, "पोरी, तुला विंग्रजी येतंय म्हनं. इन्सिडेंट म्हंजी काय गं? लेक तर म्हनती, घरी इळीवर कापलं."

लाईन लीडरची निळी टोपी मला किती हवी होती, ते माझं मला माहीत. साहेब माझ्याकडं बघून हसत होते. त्या हसण्यानंच माझं ठरलं.

"अ‍ॅक्सिडेंट झालाय, आप्पा. अपघात. कंपनीत, मशीनवर. मी शेजारीच होते."

एवढ्या बोलण्यानं माझी टोपी गेली, सगळ्यांचा मिक्सर गेला आणि लाईनवरच्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते सगळं नंतर. तेव्हा आप्पा नुसते उठले आणि आत गेले. "मशीनवर झालं व्हय गं?" एवढंच त्यांचं ऐकू आलं.

आणि इतके दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला 'काय न्हाई, इळी लागली' असं हसून सांगणारी माझी मैत्रीण मोठ्यानं रडायला लागली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

"बघ, रडवलंस तिला," साहेब म्हणाले. "काय मिळालं तुला?"

"बोटं गेलीत तिची, सर," मी म्हटलं. "रडू तरी द्या."