गोगलगाईचे दात

धारूरसारख्या डोंगरावरच्या गावात समुद्र येतो तो मिठाच्या पुडीतून. तरी महांतेश सरांनी उभी हयात घातली ती समुद्रातल्या बिनशंखाच्या गोगलगाईंवर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं, सुट्टीत रत्नागिरीच्या खडकांवर ओणवं व्हायचं आणि गावात परतल्यावर तोच प्रश्न ऐकायचा, ह्याचा उपयोग काय? आधी आधी सर उत्तर द्यायचे. आता नुसती मान हलवत.

त्यांच्या नावावर मोठं म्हणावं असं एकच काम होतं. ओहोटीच्या डबक्यात सापडलेली एक तपकिरी गोगलगाय, आधी कुणीच न नोंदवलेली. तिच्या पाठीवर कल्ल्यांचा फुलोरा होता आणि धक्का लागला की तो पाठीतल्या खिशात शिरायचा. त्या खिशावरूनच सरांनी तिचं कुल ठरवून टाकलं. खरं तर तोंडातल्या फितीवरचे दातही बघायला हवे होते. पण दात बघायचे तर जीव चिरावा लागतो. नमुने तीनच, आणि सर लिंगायत घरातले, गळ्यात लिंग. चाकू उचलला की हात जड व्हायचा. स्पिरिटमध्ये बुडवताना झाला नव्हता, चिरताना झाला. माणूस असाच सोयीनं हळवा होतो.

निवृत्तीनंतर कॉलेजातलं नमुन्यांच्या बरण्यांचं कपाट घरी आलं आणि त्याच सुमारास कोचीहून एका संशोधक बाईंचा फोन आला.

"सर, असा खिसा दोन वेगळ्या वंशांत आपापला तयार झालेला दिसतोय. गरज सारखी, म्हणून अवयव सारखा. नातं असेलच असं नाही. तुमच्या नमुन्याचा एक तुकडा पाठवता का? डीएनए बघते."

आयुष्यभराचं काम टिकतं की कोसळतं, ते आता त्या तुकड्यावर होतं. परळीत एका नातलगाचं लग्न होतं. ते उरकून आल्यावर पाठवतो, असं सर म्हणाले.

परळीत बहिणीनं चार दिवस जास्तच ठेवून घेतलं. परत आले तर बरण्या लख्ख आणि घरभर कुजका वास. त्यांच्या आई मल्लम्मा दारातच बसल्या होत्या.

"देवघराला लागून कपाट, अन् त्यात दारूचा वास. सगळी ओतून दिली म्या. मिठाचं पानी घातलं. समुद्रातले जीव हायत ना, त्यायला बरं."

एप्रिलच्या उन्हात तिन्ही गोगलगाईंचा लगदा झाला होता. सरांना ओरडायचं होतं. राग आला, पण त्याला घशापर्यंत चढायचं त्राण नव्हतं. म्हाताऱ्या आईनं मूठमूठ मीठ घातलं होतं ते मायेनंच.

"काहून बोलत न्हाईस?"

"थकलोय, माय."

सकाळी फेकून द्यायच्या आधी त्यांनी लगदा मलमलच्या फडक्यातून गाळला. निव्वळ सवयीनं. फडक्यावर पिवळसर बारीक तीन फिती अडकल्या. मांस कुजतं, दात कुजत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या फितीवर ओळीमागे ओळ आकड्यासारखे दात दिसले, अगदी गुळगुळीत. सरांनी ठरवलेल्या कुलात दातांच्या कडा करवतीसारख्या असतात. त्यांनी दुसरी फीत लावली, मग तिसरी. सगळीकडे तेच. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त शीण आला.

दुपारी त्यांनी कोचीला फोन लावला. "बाई, पाठवायला मांस उरलं नाही. दातांचे फोटो पाठवतो. माझं चुकलंय. ही त्या कुलातली नाहीच. खुशाल छापा तुम्ही."

मल्लम्मा ऐकत होत्या. "माझ्यापायी तुझं काम बुडालं का रे?"

सर त्यांच्याजवळ टेकले. "न्हाई, माय. ते मीच बुडवलं व्हतं, लई आधी. चिरायची हिंमत न्हवती. तू दारू ओतलीस म्हणून दात दिसले."

मल्लम्मांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या उठल्या आणि ताट वाढून आणलं. आमटी अळणी होती. डब्यातलं मीठ सगळं बरण्यांत गेलं होतं. सर तसेच जेवले आणि ताट पुसून उठले.